फॅट कुणी बदलली? संकलन डेटाबेसच्या अधिकार-वाटपाच्या नोंदी

8 सप्टेंबर 2025, सोमवार

गणपती परवा गेले. टाळत आलेलं काम आता काढायलाच हवं.

तालुक्यातल्या एका दूध संघाचा संकलन-बिलाचा डेटाबेस मी बाहेरून सांभाळतो. गावोगावच्या केंद्रांवरून सकाळ-संध्याकाळच्या फाइल येतात आणि दर दहा दिवसांनी इथून बिलं निघतात. ऑगस्टच्या तिसऱ्या बिलावर एक तक्रार आहे. म्हशीचं दूध, 23 ऑगस्टची संध्याकाळ, बिलात फॅट (दुधातला स्निग्धांश, ज्यावर दर ठरतो) 6.2. उत्पादकाच्या हातातल्या पावतीवर मात्र फेरतपासणीची 6.8 आणि खाली केंद्रचालकाची सही. फरक पंचवीसेक रुपयांचा. पण फॅटवरचा विश्वास उडाला की माणूस दुसऱ्या दिवसापासून समोरच्या डेअरीला दूध घालतो, आणि जाताना गल्लीतल्या चार घरांना सांगून जातो.

बिल विभागातल्या ताई शपथेवर सांगतात, "25 तारखेला मी स्वतः 6.8 केली." डेटाबेस म्हणतो 6.2. मग मध्ये हात कुणी घातला? सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे कुणी काय केलं याच्या नोंदीत, एकच नाव आहे, दूधॲडमिन. रात्रीची आयात दूधॲडमिन, बिलाचा प्रोग्राम दूधॲडमिन, ऑफिसातले अकराही संगणक दूधॲडमिन, आणि मी घरून जोडतो तेव्हा मीसुद्धा दूधॲडमिन. अख्ख्या वाड्याला एकच किल्ली, ती दारामागच्या खुंटीला. चोरी झाली तर विचारायचं कुणाला?

ऑफिसात सध्या सगळे ताईंकडे बघून बोलणं थांबवतात. एमडी साहेबांनी सांगितलंय, दिवाळीचा फरक (उत्पादकांना सणाला मिळणारी वाढीव रक्कम) वाटायच्या आधी हे मिटवा. वसुबारस 17 ऑक्टोबरला आहे.

10 सप्टेंबर, बुधवार

आधी आहे ते नीट पाहिलं. डेटाबेस चालवणारं सॉफ्टवेअर पोस्टग्रेस, आवृत्ती 16, गेल्या वर्षी 12 वरून वर आणलेलं. रोलची, म्हणजे डेटाबेस ज्यांना ओळखतो त्या खात्यांची, यादी काढली तर तीनच नावं निघाली : पोस्टग्रेस, दूधॲडमिन आणि 2022 मध्ये सोडून गेलेला एक प्रोग्रामर. दूधॲडमिन सुपरयुजर आहे. म्हणजे अधिकारांची तपासणी त्याच्यापुरती होतच नाही. त्याला काही द्या किंवा त्याच्याकडून काही काढून घ्या, परिणाम शून्य. इतकी वर्षं आम्ही कुठेकुठे ग्रँट (अधिकार देणाऱ्या आज्ञा) लिहून ठेवलेत ते सगळे शोभेचे.

माझ्या हाताखाली नव्यानं आलेल्या मुलाचा प्रश्न : युजर आणि रोल यांत फरक काय? आता काहीच नाही. पूर्वी युजर वेगळे आणि ग्रुप वेगळे असायचे. 2005 च्या 8.1 आवृत्तीत दोन्ही मोडून एकच रोल केला. लॉगिन करता येतं तो रोल म्हणजे आपण ज्याला युजर म्हणतो तो. लॉगिन नसलेला रोल गटासारखा वापरायचा. आणि रोल एका डेटाबेसचे नसतात, त्या सर्व्हरवरच्या सगळ्या डेटाबेसांना सामाईक असतात. हे पुढे नडणार आहे, म्हणून इथेच लिहून ठेवतो.

दुपारी एचबीए फाइल उघडली आणि चहा थंड झाला. कुठून आलेल्या कुणाला कसं ओळखायचं हे त्या फाइलीत ठरतं. वरून वाचत जायचं, जी ओळ पहिली जुळेल ती लागू, खालच्यांना कुणी विचारत नाही. आमच्याकडे पासवर्डची ओळ आहे, व्यवस्थित आहे. तिच्या बरोब्बर वर ऑफिसच्या नेटवर्कसाठी एक ओळ आहे आणि तिच्या शेवटी लिहिलंय ट्रस्ट. विश्वास! ऑफिसातल्या कुठल्याही संगणकावरून, कुठल्याही नावानं, पासवर्ड न देता आत. मुद्दाम चुकीचा पासवर्ड टाकून पाहिला. आत. ताईंच्या टेबलावरच्या काचेखाली पासवर्डची चिठ्ठी आहे, ती सगळे जपतात. तिला आजवर कुणी विचारलेलंच नाही.

11 सप्टेंबर, गुरुवार

बिलाचा दिवस. डेटाबेसला हात लावायचा नाही.

12 सप्टेंबर, शुक्रवार

आज संगणक बंद, वही चालू. टेबला-टेबलावर जाऊन एकच प्रश्न : तुम्ही रोज नेमकं काय करता? हुद्दा विचारला नाही, काम विचारलं. हुद्द्यावरून अधिकार ठरवले असते तर पहिल्याच दिवशी बोंब झाली असती. उदाहरणार्थ, दरपत्रक बदलायचा अधिकार कागदावर संकलन प्रमुखांचा. प्रत्यक्षात दर टाकतात अकाउंटचे काका, कारण प्रमुखांना चष्म्यानं दशांशचिन्ह दिसत नाही. पशुखाद्याची कपात गोडाऊनच्या कारकुनाची. तो आता ऑफिसात येऊनच टाकतो, कारण गोडाऊनचा संगणक "कधीच बंद पडलाय". डॉक्टर साहेबांना फक्त बघायचं असतं, कुठल्या गावात फॅट अचानक उतरली. आणि एमडी साहेबांना सगळं हवं असतं, म्हणजे एक्सेलमध्ये.

वहीतून निघालेले गट : वाचन, आयात, दुरुस्ती, दर, कपात, बिल. हे सगळे लॉगिन नसलेले रोल. शिवाय मालक नावाचा एक रोल, त्यालाही लॉगिन नाही. डेटाबेसमधली सगळी टेबलं, म्हणजे नोंदींचे तक्ते, त्याच्या नावावर करायची. टेबलाचा मालक माणूस असू नये, या मताला मी आलोय. माणूस राजीनामा देतो. व्यक्तींचे लॉगिन वेगळे काढायचे आणि त्यांना गटाचे सभासद करायचं. टेबलावर थेट माणसाला अधिकार द्यायचा नाही, एकदाही नाही, "आजच्या दिवस तेवढं" म्हणूनही नाही.

मुलाला रोलची नावं देवनागरीत हवी होती. चालतात. पण नावाला 63 बाइटांची मर्यादा आहे आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, काना-वेलांटीसकट. म्हणजे 21 चिन्हं. "संकलनदुरुस्तीविभाग" लिहून त्यानं बोटं मोजली. सर्व्हरवर रोमनच ठेवली. देवनागरी या वहीपुरती.

15 सप्टेंबर, सोमवार

बॅकअप टेस्ट सर्व्हरवर उतरवला आणि "असा रोल नाही" या तक्रारींचा पाऊस पडला. रोल सामाईक असतात ते असं नडतं : एका डेटाबेसच्या डंपमध्ये, म्हणजे बॅकअपच्या फाइलीत, ते येतच नाहीत. त्यांच्यासाठी डंपऑलला फक्त ग्लोबल्स मागून वेगळी फाइल काढावी लागते. आमच्या रोजच्या बॅकअपमध्ये ती नव्हती. उद्या मूळ सर्व्हर जळाला असता तर दूध परत आलं असतं, कुलपं आली नसती. आजपासून रोज निघेल.

मग गट तयार केले आणि वाचन गटाला सगळ्या टेबलांवर सिलेक्ट (वाचायचा अधिकार) दिला. मुलानं डॉक्टर साहेबांच्या नावानं लॉगिन करून पाहिलं : परमिशन डिनाइड फॉर स्कीमा, म्हणजे परवानगी नाकारली. टेबलाचा अधिकार आहे, पण टेबल ज्या स्कीमात राहतं तिच्यात पाऊल टाकायचा युसेज नाही. कपाटाची किल्ली दिली, खोलीची नाही. नवशिक्यांची पहिली ठेच इथेच लागते; मला माझी आठवतेय.

दुसरी ठेच जरा खोल होती. अकाउंटच्या काकांसाठी दर गटाला दरपत्रकावर फक्त अपडेट (बदलायचा अधिकार) दिला. बदल केला की डिनाइड. कारण ते "ज्या ओळीत फॅट 6.5 आहे तिथे दर अमुक करा" असं सांगतात, आणि 6.5 कुठे आहे हे बघायला त्या कॉलमवर सिलेक्ट लागतो. न वाचता लिहिता येतं ते फक्त सगळ्या ओळींवर सरसकट, आणि दरपत्रकात तसं कुणी करू नये हे उत्तम.

16 सप्टेंबर, मंगळवार

डीपी या आज्ञेनं अधिकारांची जी यादी दिसते ती पहिल्यांदा बघणाऱ्याला मोडी वाटते. आर म्हणजे वाचणं. ए म्हणजे भर घालणं, इन्सर्ट. डब्ल्यू म्हणजे बदलणं. लहान डी म्हणजे ओळ पुसणं आणि मोठा डी म्हणजे ट्रंकेट, अख्खं टेबल झाडून रिकामं. एका शिफ्ट कीचा फरक. तिरक्या रेघेनंतरचं नाव म्हणजे अधिकार कुणी दिला. बरोबरच्या चिन्हाआधी कुणाचंच नाव नसेल तर तो पब्लिक, म्हणजे यच्चयावत सगळे.

मुलगा म्हणाला, "या टेबलासमोर काहीच नाही, म्हणजे कुणालाच अधिकार नाही." उलट आहे. रिकामा रकाना म्हणजे मूळचे अधिकार अजून कुणी बदललेले नाहीत. टेबलाच्या बाबतीत तो मालकापुरता असतो, म्हणून गैरसमज खपून जातो. फंक्शनच्या बाबतीत मूळचा अधिकारच पब्लिकला चालवायचा असतो. रिकामा रकाना बघून निर्धास्त झोपायचं नाही.

18 सप्टेंबर, गुरुवार

पब्लिकचा दिवस. सगळ्यांकडून सगळं काढून घेतलं असं वाटत असताना नव्या रिकाम्या लॉगिननं टेस्ट डेटाबेसमध्ये खुशाल टेबल बनवलं. पब्लिक नावाच्या स्कीमात कुणालाही टेबल बनवता येण्याची जुनी मुभा 15 व्या आवृत्तीत, 2022 मध्ये, काढली गेली, आणि आम्ही 16 वर आहोत. मग? मुभा गेली ती नव्यानं बनवलेल्या डेटाबेसांसाठी. जुना डेटाबेस वर आणला की तो आपले जुने अधिकार पाठीवर घेऊनच येतो. नव्या घरात गेलो, जुनी ढेकणं गाद्यांसकट.

ही नुसती अस्वच्छता नव्हे. कुणीही त्या स्कीमात नेमक्या नावाचं फंक्शन पेरून ठेवू शकतो, आणि दुसऱ्याच्या, कदाचित सुपरयुजरच्या, क्वेरीत (डेटाबेसला दिलेल्या आज्ञेत) ते मूळ फंक्शनऐवजी चालू शकतं. 2018 मध्ये याला दोष म्हणून रीतसर क्रमांक मिळाला होता. स्कीमावरचा क्रिएट पब्लिककडून काढला. डेटाबेसवरचा कनेक्टही काढला. तोसुद्धा मूळचा सगळ्यांना असतो.

अधिकार काढायच्या आज्ञेबद्दल, रिव्होकबद्दल, एक गोष्ट मुलाच्या वहीत लिहून घेतली. रिव्होक म्हणजे मनाई नव्हे. दिलेलं परत घेणं, इतकंच. माणसाला तोच अधिकार गटाकडून किंवा पब्लिककडून मिळत असेल तर त्याच्या एकट्याच्या नावानं शंभर रिव्होक मारा, काही होत नाही, आणि पोस्टग्रेस तक्रारही करत नाही. "अमक्याला सोडून सगळ्यांना" असं इथे लिहिता येत नाही.

22 सप्टेंबर, सोमवार

घटस्थापना. ऑफिस अर्धं रिकामं, म्हणून शांतपणे विचार करायचं काम काढलं : उत्पादकांची बँक खाती आणि आधार क्रमांक.

हे दोन्ही आज ऑफिसातल्या कुणालाही दिसतात. डॉक्टर साहेबांना म्हशीच्या मालकाचा आधार कशाला? 2023 चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा आलाय, त्यामुळे एमडी साहेबांना हे पटवायला पाच मिनिटं पुरली. नसता आला तरी पटवायलाच हवं होतं. आधी कॉलमवारी अधिकार देऊन पाहिले. इथे सापळा आहे : टेबलावर आख्खा सिलेक्ट असताना एका कॉलमचा रिव्होक केला तर काहीच होत नाही. टेबलाचा अधिकार काढायचा आणि हवे ते कॉलम मोजून द्यायचे. तसं केलं, तर डॉक्टर साहेबांचा एक्सेल अहवाल बंद. त्याच्या पोटात "सगळे कॉलम दे" अशी तारांकित क्वेरी आहे, आणि एक जरी कॉलम वर्ज्य असेल तरी ती पूर्ण नाकारली जाते.

शेवटी व्ह्यू, म्हणजे टेबलातले निवडक कॉलम दाखवणारी खिडकी, केला : नाव, गाव, केंद्र, जनावर आणि आधारचे शेवटचे चार आकडे. वाचन गटाला व्ह्यूचा अधिकार, मूळ टेबलाचा नाही. व्ह्यू आपल्या मालकाच्या अधिकारानं मूळ टेबलाकडे जातो म्हणून हे जमतं. आवृत्ती 15 पासून सिक्युरिटी इन्व्होकर नावाचा पर्याय आलाय, त्यात व्ह्यू बघणाऱ्याच्याच अधिकारानं चालतो. चांगली सोय आहे. इथे नेमकी ती नको.

25 सप्टेंबर, गुरुवार

आज पोस्टग्रेस 18 बाहेर आलं. एमडी 5 पद्धतीचे पासवर्ड आता उतरणीला लागले, असं त्यात अधिकृतपणे म्हटलंय. मुलानं "आपले एमडी साहेब?" असं विचारून घेतलं. विचारणारच होता.

आमचे जुने दोन्ही पासवर्ड त्याच पद्धतीचे निघाले. 14 पासून मूळची पद्धत स्क्रॅम ही नवी, जास्त भक्कम पद्धत आहे, पण जुना पासवर्ड नव्यानं ठरवेपर्यंत जुन्याच रूपात राहतो, आणि एचबीएमध्ये स्क्रॅम लिहिलं की तो चालत नाही. सगळ्यांना नवीन द्यायचेच आहेत, त्यामुळे एका दगडात दोन. पासवर्ड आज्ञेत लिहून बदलायचा नाही, नाहीतर तो लॉगमध्ये आणि हिस्ट्रीत उघडा पडून राहतो. पीएसक्यूएल या पोस्टग्रेसच्या आज्ञा-खिडकीतली पासवर्ड आज्ञा तो आधीच गुंडाळून पाठवते.

27 सप्टेंबर, शनिवार, रात्र

संध्याकाळचं संकलन साडेआठला आटोपलं. नऊला सुरुवात केली. टेबलांची मालकी मालक रोलकडे. गट, व्ह्यू, अकरा माणसांचे अकरा लॉगिन, आयातीचा वेगळा, बिल-प्रोग्रामचा वेगळा. एचबीएमधली ट्रस्टची ओळ पुसली, फाइल रीलोड केली. रीलोडनं आधीपासून आत बसलेले बाहेर पडत नाहीत, म्हणून जुनी जोडणी हातानं तोडली. लॉगच्या प्रत्येक ओळीत लॉगिनचं नाव आणि संगणकाचा पत्ता येईल अशी सोय केली.

मूळ अधिकारांची आज्ञा, म्हणजे पुढे जन्माला येणाऱ्या टेबलांवर वाचन गटाला आपोआप सिलेक्ट, ही टेस्टवर एकदा फसली होती. ती ज्या रोलनं बनवलेल्या टेबलांसाठी लावाल त्याच्याच टेबलांना लागते. मी माझ्या नावानं लावली होती आणि मुलानं टेबल त्याच्या नावानं बनवलं. आज "फॉर रोल मालक" असं स्पष्ट लिहिलं आणि नियम केला : टेबल बनवायचं तर आधी सेट रोल मालक, म्हणजे मालक रोल अंगावर घ्यायचा.

आयातीला मी मुद्दाम कमीत कमी दिलं. ती केंद्रांच्या फाइल वाचते आणि ओळी भरते. म्हणून संकलन टेबलावर इन्सर्ट आणि सिलेक्ट. बस.

11.30 ची आयात बघून झोपायचं ठरवलं होतं. 11.31 ला लॉगमध्ये : परमिशन डिनाइड फॉर टेबल संकलन.

28 सप्टेंबर, रविवार

पहाटे दोनपर्यंत मी अधिकारच तपासत होतो. इन्सर्ट आहे. सिलेक्ट आहे. स्कीमाचा युसेज आहे. सीक्वेन्स (ओळींना क्रमांक देणारी मोजणी)? ओळ क्रमांक आयडेंटिटी प्रकारचा आहे, त्याला वेगळा अधिकार लागत नाही. सिरियल असता तर लागला असता. मग नाकारतोय कशाला?

शेवटी आयातीची क्वेरी उघडली. 2021 ची, माझ्याच हातची. तेव्हा गावांचं नेट धड नव्हतं, फाइल एकेक दिवस उशिरा यायच्या, अर्धवट यायच्या, पुन्हा यायच्या. म्हणून मी रोज रात्री मागच्या तीन दिवसांच्या सगळ्या फाइल परत वाचायची सोय केली होती, आणि ओळ आधीच असेल तर, ऑन कॉन्फ्लिक्ट डू अपडेट, फाइलीतल्या आकड्यानं तिला बदलून टाक.

त्या अपडेटला अपडेटचा अधिकार लागतो. तो आज मी दिला नव्हता. म्हणून पोस्टग्रेस म्हणत होतं की ही आयात फॅट बदलू पाहतेय.

ते वाक्य मी दोनदा वाचलं.

23 ऑगस्टच्या संध्याकाळी यंत्रानं 6.2 लिहिली, फाइलीत 6.2 गेली. फेरतपासणीत 6.8 आली, पावती झाली. 25 ला ताईंनी 6.8 केली. 25 च्या रात्री 11.30 ला आयातीनं 23, 24, 25 च्या फाइल पुन्हा वाचल्या आणि 6.8 वर परत 6.2 घातली. जी दुरुस्ती तीन दिवसांत झाली ती रात्री पुसली गेली. जी उशिरा झाली ती टिकली. म्हणून हे कधी व्हायचं, कधी व्हायचं नाही, आणि म्हणून सगळ्यांना माणसाचा संशय आला.

खात्री करून घेतली. बॅकअप रोज रात्री 10 ला निघतो. 25 ऑगस्टचा टेस्टवर उतरवला : 6.8. 26 चा उतरवला : 6.2. मध्ये रात्री 11.30 ची आयात.

हे दोन बॅकअप 8 तारखेलाही उतरवता आले असते, तासाभराचं काम. सुचलं नाही. आम्ही माणूस शोधत होतो.

30 सप्टेंबर, मंगळवार

दुरुस्तीची रीत पूर्ण बदलली. आयातीची क्वेरी आता ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग. आलेली ओळ पहिल्यांदा आली तशी राहणार. तिला अपडेटचा अधिकार नाहीच, त्यामुळे उद्या कुणी, म्हणजे मीच, रात्री झोपेत जुनी क्वेरी परत टाकली तरी ती आपटेल. संकलन टेबलावर अपडेट आता कुठल्याच गटाला नाही, दुरुस्ती गटालाही नाही.

फेरतपासणीसाठी वेगळं टेबल केलं, फेरफार. कुठली ओळ, जुनी फॅट, नवी फॅट, पावती क्रमांक, कुणी, केव्हा. ताईंच्या गटाला पहिल्या चार कॉलमांवरच इन्सर्ट. "कुणी" आणि "केव्हा" त्यांना लिहिताच येत नाहीत; तिथे डीफॉल्टनं सेशन युजर आणि वेळ आपोआप पडते. करंट युजर घेतला नाही, कारण तो सेट रोलनं किंवा मालकाच्या अधिकारानं चालणाऱ्या फंक्शनमध्ये बदलतो; सेशन युजर म्हणजे दारातून कोण आत आलं ते नाव. बिल आता एका व्ह्यूवरून निघतं, त्यात फेरफार असेल तर शेवटचा, नसेल तर यंत्राचा आकडा. डिलीट, अपडेट, ट्रंकेट कुणालाच नाही. खोडरबर नाही, खाडाखोड दिसेल अशीच वही.

1 ऑक्टोबर, बुधवार

बिलाचा दिवस. हात लावला नाही. बिल निघालं.

3 ऑक्टोबर, शुक्रवार

दसऱ्यानंतरचा पहिला दिवस. एमडी साहेबांच्या केबिनमध्ये ताई, संकलन प्रमुख, अकाउंटचे काका आणि मी. दोन बॅकअपांचे दोन कागद टेबलावर ठेवले आणि क्वेरी माझी होती हे सांगितलं. साहेब बराच वेळ कागद बघत होते. मग म्हणाले, "म्हणजे आणखी किती?" हा प्रश्न मला अपेक्षित होता, आयातीच्या सगळ्या फाइल जपून आहेत, आणि केंद्रांवरच्या फेरतपासणीच्या पावत्यांची पुस्तकं. दिवाळीच्या फरकाआधी जुळवून द्यायचं कबूल केलं. वेगळे पैसे घेणार नाही.

ताई काही बोलल्या नाहीत. दुपारी जाताना त्यांच्या टेबलाशी थांबलो तर काचेखालची चिठ्ठी काढत होत्या. "सर, नवा पासवर्ड मी कुठे लिहायचा?" म्हटलं, कुठेच नाही. "आणि रजेवर गेले तर?" म्हटलं, तर तुमचं काम ज्याला द्यायचं त्याला गटात घेऊ, आल्यावर काढू. "मग माझ्या नावावर कुणी काही करणार नाही ना?" नाही, म्हटलं. चिठ्ठी त्यांनी फाडली. चार तुकडे केले, मग आठ.

6 ऑक्टोबर, सोमवार

2022 मध्ये गेलेल्या प्रोग्रामरचा रोल काढायला घेतला. निघेना : काही वस्तू त्यावर अवलंबून आहेत. त्याची मालकी रीअसाइन ओन्डनं मालक रोलकडे वळवली, मग ड्रॉप ओन्डनं उरलेले अधिकार झटकले. तरी निघेना. दुसऱ्या, जुन्या हिशेबाच्या डेटाबेसमध्येही त्याची दोन टेबलं होती. या दोन्ही आज्ञा एकेका डेटाबेसमध्ये जाऊन द्याव्या लागतात. क्रम चुकवून ड्रॉप ओन्ड आधी दिलं असतं तर ती टेबलंच उडाली असती.

कुणी सोडून गेलं की पहिलं काम, त्याच दिवशी, नोलॉगिन. मोडतोड नंतर सवडीनं. "व्हॅलिड अन्टिल" तारखेवर भरवसा ठेवू नये. ती रोलची नव्हे, फक्त पासवर्डची मुदत आहे.

8 ऑक्टोबर, बुधवार

संकलन प्रमुखांना आपल्या माणसांना अधिकार द्यायचा अधिकार हवा आहे. विथ ग्रँट ऑप्शन. मी नको म्हटलं. असा दिलेला अधिकार तो पुढच्याला देतो, पुढचा त्याच्या पुढच्याला, आणि मूळ काढायचा म्हटलं की कॅस्केड म्हणून सगळी साखळी ओढावी लागते. ही साखळी कशी तुटावी यावर आयबीएमच्या सिस्टिम आर प्रकल्पातल्या ग्रिफिथ्स आणि वेड यांनी 1976 मध्ये निबंध लिहिला, आणि आजचे ग्रँट-रिव्होक त्याच घराण्यातले आहेत. पन्नास वर्षं होत आली, पण अकरा माणसांच्या ऑफिसात ती साखळी कशाला? मला फोन करा, दोन मिनिटांचं काम आहे. प्रमुख नाराज आहेत.

केंद्रचालकांना फक्त आपल्या केंद्राच्या ओळी दिसाव्यात, अशीही मागणी आली. ओळवारी धोरणं 9.5 पासून आहेत. मुलानं टेस्टवर लावून पाहिली आणि "चालत नाही, सगळंच दिसतंय" म्हणाला. तो मालक रोलनं बघत होता. मालकाला धोरण लागू होत नाही, फोर्स केल्याशिवाय. सुपरयुजरला तर फोर्स करूनही नाही. दिवाळीनंतर बघू.

13 ऑक्टोबर, सोमवार

11 चं बिल निघालं. पावत्यांची पुस्तकं जुळवून झाली. तीन दिवसांच्या आत दुरुस्त होऊन रात्री पुसल्या गेलेल्या सगळ्या नोंदी फेरफार टेबलात माझ्या लॉगिननं टाकल्या, पावती क्रमांकासह. त्यांचे पैसे फरकात येतील. 23 ऑगस्टच्या उत्पादकाला साहेबांनी स्वतः फोन केला. तो म्हणाला, मी दूध हलवलंच नव्हतं, पण हलवणार होतो.

दूधॲडमिनचं सुपरयुजरपण 27 लाच काढलं होतं, आज लॉगिनही काढलं. सगळं नव्या नावांनी सुरळीत चालू आहे असं समजून शेवटचा म्हणून लॉग वाचायला बसलो.

27 तारखेच्या रात्रीपासून, दर 15 मिनिटांनी, दिवसरात्र, एक ओळ : पासवर्ड ऑथेंटिकेशन फेल्ड फॉर युजर दूधॲडमिन. पत्ता ऑफिसच्याच नेटवर्कमधला. अकरा संगणकांचे पत्ते तपासले, त्यातला एकही नाही. नेटवर्क लावणाऱ्याला फोन केला. त्यानं वही चाळून सांगितलं, हा पशुखाद्याच्या गोडाऊनचा संगणक.

तोच, कधीच बंद पडलेला. तो इतकी वर्षं दर पाव तासाला सुपरयुजर होऊन आत येऊन काय करत होता, देव जाणे. गोडाऊनची किल्ली कारकुनाकडे असते, तो उद्या साडेनऊला येतो. मुलाला बॅटरी घेऊन यायला सांगितलंय.